सही कोणाची?

१९८८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मराठवाड्यातल्या एका लहान गावी मी बँकेचा शाखाधिकारी होतो. जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा हवी असेल, तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा, असा नियम रिझर्व्ह बँकेने १९७७ साली केला होता. त्या चारांतली एक आमची. पत्र्याच्या दोन खोल्या, एक तिजोरी, दोन कारकून, एक शिपाई आणि मी. रस्त्याच्या पलीकडे प्राथमिक आरोग्य केंद्र होते. डॉक्टरांच्या दोन जागा होत्या. एक बऱ्याच दिवसांपासून रिकामी होती आणि दुसऱ्या जागेवरचे डॉक्टर त्या दिवशी कुटुंबनियोजनाच्या शिबिरासाठी तालुक्याला गेले होते.

आमच्या शिपायाचे आठ दिवसांचे बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हते. अंग गार पडले होते, श्वास घेताना छाती आत जात होती. केंद्रातल्या सिस्टरने बाळाला उघडे करून पाहिले आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, ''साहेब, जंतुसंसर्ग दिसतोय. इंजेक्शन कपाटात आहे. पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मला देता येत नाही. माझी सही चालत नाही.'' टेलिफोन पोस्टात होता आणि तो पावसामुळे बंद होता. आम्ही दुधाचा टेम्पो थांबवला. ओढ्याला पाणी आले होते. ते उतरायला दीड तास लागला. तालुक्याच्या दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच बाळ गेले.

त्या इंजेक्शनाने बाळ वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. पण जिला आजार कळत होता, जिच्या कपाटात औषध होते आणि जिचा हात सुई धरायला सरावलेला होता, तिला एका सहीने अडवले होते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. सही या वस्तूवर माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना स्वतंत्रपणे औषध देण्याचा अधिकार असावा की नसावा, हा वाद जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा मला ते कपाट आठवते.

वाद नवा नाही. २०१९ साली संसदेने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या ३२ व्या कलमात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' नावाचा एक नवा माणूस आहे. आधुनिक वैद्यकाशी संबंधित अशा व्यक्तीला, आयोगाने ठरवलेले निकष पूर्ण केल्यास, वैद्यकीय व्यवसायाचा मर्यादित परवाना देता येईल. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक उपचारांपुरती, ठरवून दिलेली औषधे त्याला स्वतंत्रपणे लिहिता येतील. त्यापलीकडे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अशा परवानेधारकांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून अधिक असू नये, असेही कलम सांगते. आपल्या देशात नोंदणीकृत डॉक्टर तेरा लाखांहून अधिक आहेत. म्हणजे ही संख्या चार लाखांच्या पुढे जाऊ शकते. निकष कोणते, औषधे कोणती, मुदत किती, हे सारे कायद्याने नियमांवर सोपवले. विधेयक संसदेत असतानाच देशभरातल्या डॉक्टरांनी संप केला. सरकार भोंदूंना परवाना देत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

डॉक्टरांचा हा राग मला परका वाटत नाही, कारण तो मी बँकेत पाहिला आहे. पूर्वी शंभर रुपयांचा चेक वटवायचा तरी टोकन घेऊन बसावे लागे. कारकुनाची नोंद, अधिकाऱ्याची सही, मग रोखपाल. पुढे टेलर काउंटर आले. ठरावीक रकमेपर्यंतचा चेक टेलरने स्वतःच तपासायचा आणि पैसे द्यायचे, अधिकाऱ्याची सही नको. आम्हा अधिकाऱ्यांत तेव्हा केवढी कुजबुज! सह्या कोण ओळखणार, अफरातफर झाली तर कोण भरणार? शंका खऱ्या होत्या. पण आपली सही लागत नाही याचा चटकाही त्यात मिसळलेला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. काउंटर चालले, कारण रकमेला मर्यादा होती आणि संध्याकाळी हिशेब जुळवल्याशिवाय टेलर घरी जात नसे.

आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या वाचकांना एल.सी.पी.एस. डॉक्टर आठवत असतील. ही पदविका, पदवी नव्हे. आमच्या गावचे डॉक्टरकाका असेच होते. इंग्रजांच्या काळात या देशातले बहुसंख्य डॉक्टर असे 'लायसेन्शिएट', म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले होते. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, हे अभ्यासक्रम बंद करून सगळी शक्ती पदवीच्या शिक्षणावर लावावी, असे समितीच्या बहुमताने सुचवले. काही सदस्यांचे मत वेगळे होते. स्वप्न चांगले होते. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाने आपल्या खेडुताला दुय्यम डॉक्टर का द्यावा? पण झाले असे की पदवीधर डॉक्टर शहरात राहिला आणि दुय्यम डॉक्टर बंद झाला. खेड्याच्या वाट्याला मग कोणाचीही परवानगी न लागणारा तिसराच माणूस आला.

त्या तिसऱ्या माणसाचाही अनुभव मला आहे, आणि तो घरातला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस माझी आई तालुक्याच्या गावी राहत होती. गुडघे फार दुखत. तिथल्या एका दवाखान्यातून ती पुड्या आणू लागली. दवाखान्याला पाटी होती, पाटीवर नावापुढे अक्षरे होती. ती कोणत्या शास्त्राची, हे बँकेत गहाणखताचा शब्द न् शब्द वाचणाऱ्या मी कधी विचारले नाही. पुड्यांनी जादू केली. आई देवळात चालत जाऊ लागली. वर्षभरात तिचा चेहरा सुजला, साखर वाढली आणि एके दिवशी न्हाणीघरात साधी टेकली तर खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, ''यांच्या पोटात इतके दिवस स्टेरॉइड जात होतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं?'' आई त्यानंतर काठीशिवाय चालली नाही.

म्हणून 'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे' हे वाक्य मला सहन होत नाही. माझ्या आईला 'काहीतरी'च मिळाले होते.

या दोन घटना मनात शेजारी शेजारी ठेवून मी बरीच वर्षे विचार केला आहे. सिस्टर कमी शिकलेली होती आणि पुडीवालाही. मग फरक कुठे होता? सिस्टरला आपली हद्द ठाऊक होती. ती इतकी जवळ आखली होती की तिला कपाटापर्यंतही पोचता येईना. पुडीवाल्याला हद्दच नव्हती. 'हे मला येत नाही' असे तो वर्षभरात एकदाही म्हणाला नाही. धोका कमी शिक्षणात असतो, पण त्याहून अधिक तो हद्द नसण्यात असतो.

सिस्टरची हद्द थोडी पुढे सरकवली तर काय होते, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमधल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाच्या खुणा ओळखणे आणि त्या दिसल्या तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. थोडे शिकलेल्या, गावातच राहणाऱ्या बायका या. त्यांच्या कामावर देखरेख होती, नोंदी ठेवल्या जात आणि तपासल्या जात. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्युप्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला. त्या इंजेक्शनाचे नाव जेंटामायसिन. ठरावीक परिस्थितीत ते देण्याची मुभा केंद्र सरकारने एएनएमना, म्हणजे उपकेंद्रावरच्या आमच्या सिस्टरना, दिली २०१४ साली. मधली पंधरा वर्षे कपाट बंदच होते.

जगातही या व्यवसायाची सुरुवात अशाच गरजेतून झाली. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 'फिजिशियन असिस्टंट'चा पहिला अभ्यासक्रम काढला, तो नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांसाठी. युद्धात जखमा बांधलेल्या या माणसांना घरी आल्यावर दवाखान्यात काहीच करता येत नव्हते. आज तिथल्या काही राज्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीचा लेखी करार असण्याची अटही काढली आहे. याउलट ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या प्राध्यापक लेंग यांच्या समीक्षेने २०२५ साली सांगितले, की यांना 'असोसिएट' म्हणू नका, 'असिस्टंट'च म्हणा. रुग्णाचा गैरसमज होतो. आणि ज्याच्या आजाराचे निदान झालेले नाही असा रुग्ण, ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर, त्यांनी पाहू नये. एक देश कुंपण काढतो आहे, दुसरा ते नव्याने बांधतो आहे. आपण कोणाचीच नक्कल करण्याचे कारण नाही. अमेरिकेतला प्रश्न बऱ्याचदा डॉक्टरांसोबत कोणी काम करावे हा असतो. आपल्याकडे तो डॉक्टर नसताना काय करावे हा आहे.

महाराष्ट्रात याच विषयाची दुसरी आवृत्ती चालू आहे. २०१४ साली विधिमंडळाने कायद्यात बदल केला आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. होमिओपॅथ म्हणतात, खेड्यात आम्हीच तर आहोत. हे बव्हंशी खरे आहे. पण १९९६ साली पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की ज्याला एका वैद्यकपद्धतीचे ज्ञान नाही आणि तरीही जो ती वापरतो, तो भोंदूच होय. एक वर्षात हे ज्ञान येते का, हा प्रश्न तज्ज्ञांचा. मला, एका जुन्या बँकवाल्याला, वेगळा प्रश्न पडतो. या परवान्याला हद्द किती? साध्या तापाची आणि जुलाबाची मोजकी औषधे, की सगळा औषधकोश? छोट्या शिक्षणावर मोठा अधिकार देणे ही एक गोष्ट आणि छोट्या शिक्षणावर छोटा, नेमका अधिकार देणे ही दुसरी. पहिलीला माझा विरोध आहे, दुसरीला पाठिंबा. आपल्या वादविवादात या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात.

आता डॉक्टरांचा सर्वांत सबळ आक्षेप. ते म्हणतात, साधा आजार साधा आहे हे तपासल्यानंतर कळते, आधी नाही. छातीतली जळजळ पित्ताची की हृदयाची, हे ठरवण्यासाठीच तर आम्ही इतकी वर्षे शिकतो. हे म्हणणे मला पूर्ण पटते. म्हणूनच अधिकाराची यादी आजारांच्या नावांवर थांबता कामा नये. तिच्यात धोक्याच्या खुणा हव्यात. या खुणा दिसल्या की थांबायचे आणि पुढे पाठवायचे. गडचिरोलीच्या बायका हेच शिकल्या होत्या.

दुसरा आक्षेप, गरिबाला दुय्यम वैद्य का? यावर माझे उत्तर असे, की आजाराचा पहिला टप्पा ओळखणारी, गावात राहणारी आणि फोनवर डॉक्टर मिळू शकणारी बाई दुय्यम नाही. दुय्यम आहे ती रिकामी खुर्ची. पण या आक्षेपातला एक भाग मात्र मला झोपू देत नाही. सरकार या लोकांच्या आडोशाने डॉक्टरांच्या जागा कायमच्या रिकाम्या ठेवील. असे झाले तर हा कायदा फसवणूक ठरेल. विभागीय कार्यालयच नसलेल्या बँकेत शाखाधिकाऱ्याला मंजुरीचे अधिकार देण्यासारखे ते आहे. वर कोणी नसताना खालच्याला दिलेला अधिकार म्हणजे जबाबदारी झटकणे.

इथे माझा स्वतःचा एक गुन्हा सांगतो. त्याच गावात, त्याच वर्षी, पेरणीच्या तोंडावर एका शेतकऱ्याचा बैल मेला. त्याला लागणारे कर्ज माझ्या मंजुरीच्या मर्यादेपेक्षा दोन हजारांनी अधिक होते. विभागीय कार्यालयाकडून उत्तर यायला तीन आठवडे लागत, आणि वापसा तेवढा थांबत नाही. मी सही केली आणि त्याच संध्याकाळी वर पत्र लिहिले: अधिकाराबाहेर जाऊन कर्ज दिले आहे, कारण असे असे, कार्योत्तर मंजुरी मिळावी. कडक शब्दांत समज आली आणि सोबत मंजुरीही आली. बँकेने मला मर्यादा दिली होती आणि मर्यादा ओलांडावी लागली तर प्रामाणिकपणे ते कळवण्याची वाटही ठेवली होती. दोन हजार रुपयांसाठी ही वाट होती. रस्त्यापलीकडच्या सिस्टरला एका जिवासाठी ती नव्हती.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. अधिकाराची यादी मराठीत, ठळक अक्षरांत भिंतीवर लावा. काय करता येते ते आणि काय येत नाही तेही. पाटीवर आणि छातीवरच्या बिल्ल्यावर 'डॉक्टर' हा शब्द नको, जे पद असेल तेच हवे. प्रत्येक परवान्याच्या मागे देखरेख करणाऱ्या डॉक्टरचे नाव लेखी असावे आणि त्या डॉक्टरने महिन्यातून काही दिवस येऊन नोंदवही तपासावी. आमच्या इन्स्पेक्टरला आम्ही घाबरत असू, पण तो आला नाही तर शाखेचे काय होते तेही पाहिले आहे. आणि जीव वाचवण्यासाठी यादीबाहेर पाऊल टाकावे लागले, तर चोवीस तासांत कळवण्याची सोय असावी. जिने कळवले तिची चौकशी व्हावी, पण कळवणे हाच तिचा गुन्हा ठरू नये.

गेल्या वर्षी त्या गावी गेलो होतो. आता जवळच्या वाडीवर उपकेंद्राच्या जागी आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे. आत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक तरुण मुलगी बसते, पुढचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली. प्रवासात माझे डोके जड झाले होते. तिने रक्तदाब पाहिला, दोनदा पाहिला आणि म्हणाली, ''काका, हे मी डॉक्टरांना विचारूनच सांगेन.'' मग ई-संजीवनीवर डॉक्टर लागेपर्यंत आम्ही दोघे वाट पाहत बसलो. वीस मिनिटे गेली, पण डॉक्टर लागले.

आमचा शिपाई आता निवृत्त आहे. त्याच्या ओसरीवर चहा घेताना मी धीर करून त्या दिवसाचा विषय काढला. सिस्टरने इंजेक्शन द्यायला हवे होते असे तुला वाटते का, असे विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''साहेब, बाईनं तवा सुई दिली असती अन् तरी लेकरू गेलं असतं, तर मीच बाईच्या अंगावर धावून गेलो असतो. आता खोटं कशाला बोलू?''

इतकी वर्षे मी समजत होतो की सिस्टरला अडवले ते नियमाने. तिच्या मागे उभा राहील असा नियमच नव्हता, हे मला त्या ओसरीवर कळले. कायद्याने दिलेला मर्यादित अधिकार रुग्णासाठी असतो तसाच तो सुई देणाऱ्या हातासाठीही असतो.

वाद घालताना डॉक्टरमित्र मला नेहमी विचारतात, ''तुमच्या नातवाला ताप आला तर त्याला तिच्याकडे न्याल का?'' प्रश्न रास्त आहे. शहरात, रात्री दहाला बालरोगतज्ज्ञाचा फोन लागत असताना मी नेणार नाही, हे मी लपवत नाही. पण नातू त्या वाडीवर असेल, ओढ्याला पाणी आले असेल आणि भिंतीवर यादी असेल, तर नेईन. तिने सही करावी, अशीच माझी इच्छा असेल.